चांद्याचा परकोट : एका लष्करी ठाण्याचा इतिहास आणि त्याचे जतन

१. विषयाची मर्यादा

लष्करी ठाण्याचे लष्करीपण संपले की त्याच्या वास्तूंचे काय होते, हा प्रश्न इतिहास आणि वास्तुरक्षण या दोन्ही शास्त्रांच्या कक्षेत येतो. ज्या ठाण्यांचे रूपांतर नागरी वस्तीत झाले, तेथील काही वास्तूंना नवे प्रयोजन सहज लाभते. मुंबईच्या कूपरेज बागेतील १८६७ सालचा बँडस्टँड हे त्याचे सुटसुटीत उदाहरण होय. वाद्यवृंद बसण्यासाठी उभारलेला तो मंडप अलीकडे दुरुस्त झाला, तेव्हा त्याला त्याचे मूळ काम परत देणे शक्य होते. वादक आले आणि श्रोते जमले की जीर्णोद्धार सार्थ झाला. तटबंदीची गोष्ट वेगळी आहे. वेढा अडविणे हे तिचे काम. आणि ते काम तिला परत मिळावे अशी इच्छा कोणी करणार नाही. म्हणून तटाच्या बाबतीत ‘पूर्ववत् करणे’ या शब्दाला सरळ अर्थ उरत नाही. कोणत्या काळापूर्वीचे ‘पूर्व’ आणि कोणासाठी, हे आधी ठरवावे लागते.

चंद्रपूर शहराभोवतीचा गोंडकालीन परकोट या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. गोंड राजांची राजधानी, भोसल्यांचे बळकट ठाणे, १८१८ मधील वेढ्याचे रणक्षेत्र आणि नंतर जिल्ह्याचे ठिकाण, अशा अवस्थांतून तो गेला. आज चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत विभागलेला सारा अरण्यप्रदेश एके काळी या एका तटाच्या आश्रयाने शासित होत होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. तोवर चांदा हेच त्या प्रदेशाचे मुख्य ठिकाण होते. या तटाचा इतिहास थोडक्यात मांडून त्याच्या जतनातून उद्भवणाऱ्या प्रश्नांची चर्चा करणे, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२. परकोटाची उभारणी : आख्यायिका व पुरावा

चांद्याच्या स्थापनेची कथा सर्वपरिचित आहे. बल्लारशाह येथे राज्य करणारा खांडक्या बल्लाळशाह त्वचारोगाने पीडित होता. शिकारीच्या वेळी झरपटीच्या कोरड्या पात्रातील एका डबक्याचे पाणी त्याने घेतले आणि त्याची व्याधी उतरली. त्या जागी अंचलेश्वराचे स्थान प्रकट झाले. पुढे त्याच परिसरात एक ससा राजाच्या कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला. हे विपरीत दृश्य राजाने राणीला सांगितले, तेव्हा ज्या मार्गाने ती दोन जनावरे धावली त्याच मार्गाने नगराचा कोट बांधावा, असा सल्ला तिने दिला. ही कथा शब्दशः घेण्याचे कारण नाही. कुत्र्यावर उलटणाऱ्या सशाची कथा भारतातील इतर नगरांच्या स्थापनेविषयीही सांगितली जाते. तथापि तिच्यात एक ऐतिहासिक सूचना दडलेली आहे. व्याधी बरी करणारे पाणी, देवस्थान आणि शिकारीचे रान यांच्या आधाराने नवी राजधानी वसली, म्हणजे राज्याचे केंद्र बल्लारशाहहून उत्तरेस, इरई आणि झरपट या दोन नद्यांच्या मधल्या भूमीवर सरकले, ही ती सूचना होय.

कालनिर्णय मात्र सांभाळून करावा लागतो. राजांच्या कारकीर्दींची प्रचलित सनावळी प्रामुख्याने मेजर ल्यूसी स्मिथ याच्या १८६९ च्या जमाबंदी अहवालावर आधारलेली आहे, आणि त्या अहवालाचा आधार स्थानिक वंशावळी व परंपरा हा आहे. तिच्यानुसार खांडक्या बल्लाळशाहाचा काळ पंधराव्या शतकाचा उत्तरार्ध, त्याच्या मागून आलेल्या हीरशाहाने वेशींचे काम केले, आणि सोळाव्या-सतराव्या शतकांच्या संधीवर धुंड्या रामशाहाच्या कारकीर्दीत परकोट पुरा झाला. या सनांतील एकेक वर्ष निश्चित मानणे धोक्याचे आहे. मात्र बांधकाम एका राजाचे नसून कित्येक पिढ्यांचे होते, हा परंपरेचा मुख्य आशय वास्तूच्या विस्ताराशी सुसंगत आहे. एवढा तट एका कारकीर्दीत उभा राहणे सोपे नव्हते.

परंपरेबाहेरचा एक भक्कम आधार ‘ऐन-इ-अकबरी’त सापडतो. अबुल फजलाने चांद्याचा अधिपती बाबजी याच्या पदरी एक हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळ असल्याचे नमूद केले आहे. वैरागड येथील हिऱ्यांच्या खाणीचाही उल्लेख त्याने केला आहे. वैरागड आज गडचिरोली जिल्ह्याच्या आरमोरी तालुक्यात येते. घोडदळ थोडे आणि पायदळ मोठे, हे प्रमाण अरण्यातील राज्याला साजेसे आहे. या आकड्यांची अतिशयोक्ती वजा केली तरी सोळाव्या शतकाच्या अखेरीस चांदा हे स्वतःचे सैन्य आणि स्वतःची संपत्ती असलेले राज्य होते, याविषयी शंका राहत नाही. असा परकोट उभारण्याचे बळ त्याच्यापाशी होते, हे त्यावरून स्पष्ट होते.

३. तटाची रचना

परकोटाला चार वेशी आणि पाच खिडक्या आहेत. उत्तरेस जटपुरा, पूर्वेस अंचलेश्वर, दक्षिणेस पठाणपुरा आणि पश्चिमेस बिनबा, ही वेशींची नावे होत. खिडक्यांना बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण अशी नावे आहेत. वेशींतून लष्कर, व्यापार आणि मिरवणुका जात. खिडक्यांतून रोजचे जाणेयेणे होई. मसण खिडकीचे नाव तिचा उपयोग स्वतःच सांगते. नगराचा दैनंदिन इतिहास लिहिणाऱ्याने वेशींइतकेच लक्ष या लहान दारांकडेही द्यावयास हवे.

तट तासलेल्या दगडांचा असून त्यात ठिकठिकाणी गोल बुरूज आहेत. बुरुजांची संख्या ३९ सांगितली जाते. १८१८ च्या मोहिमेचा वृत्तांत लिहिणाऱ्या ब्लॅकरने तटाची उंची १५ ते २० फूट दिली आहे. घेराविषयी मात्र नोंदी जुळत नाहीत. ‘इंपीरियल गॅझेटियर’मध्ये तो साडेपाच मैल, म्हणजे सुमारे नऊ किलोमीटर दिला आहे, तर अलीकडच्या लेखनात ११ किलोमीटर हा आकडा रूढ झाला आहे. तटाच्या जतनाची चर्चा करणाऱ्यांनी या तफावतीकडे दुर्लक्ष करू नये. ज्या वास्तूची लांबीच दोन प्रकारे सांगितली जाते, तिच्या दुरुस्तीचा आरंभ मोजणीपासून होणे आवश्यक आहे.

वेशींवर हत्तीला नमविणाऱ्या सिंहाचे शिल्प आढळते. गजशार्दूल या नावाने ओळखले जाणारे हे चांद्याच्या गोंड राजवंशाचे चिन्ह होय. पुढे तट भोसल्यांच्या आणि त्यानंतर इंग्रजांच्या हाती गेला, तरी ही शिल्पे जागेवरच राहिली. वास्तूची मालकी बदलली तरी तिच्यावरची निशाणी टिकावी, ही घटना विचारात घेण्याजोगी आहे.

परकोटाचे आणखी एक कार्य लष्करी इतिहासात सहसा नोंदले जात नाही. इरई आणि झरपट यांच्या संगमाजवळ वसलेल्या या नगराला पुराचे भय नेहमीचेच. वर्धेला पूर आला की इरईचे पाणी मागे फुगते आणि पठाणपुऱ्याच्या अंगाने वस्तीकडे सरकते. अशा वेळी दगडी तट बांधाचेही काम करतो. शत्रूचा वेढा शतकातून एखाद्या वेळी पडतो, पाण्याचा वेढा मात्र वरचेवर पडतो. तटाचे लष्करी प्रयोजन संपल्यावरही त्याचे एक प्रयोजन शिल्लक राहिले, ते हे.

४. ठाण्याचे हस्तांतर : १७५१ आणि १८१८

या तटाच्या इतिहासात दोन हस्तांतरे निर्णायक ठरली, आणि दोहोंतील भेद बोधप्रद आहे.

पहिले हस्तांतर भोसल्यांच्या काळातले. रामशाहाच्या मृत्यूनंतर १७३५ च्या सुमारास नीलकंठशाह गादीवर आला. परंपरा त्याला दुष्ट आणि लोकांना अप्रिय झालेला राजा म्हणते. वडिलांच्या वेळच्या विश्वासू दिवाणाला त्याने ठार मारविल्याचे सांगितले जाते. नागपूरकर रघूजी भोसल्याने या असंतोषाचा फायदा घेतला. चांदा हाती आले ते तोफांनी नव्हे, तर आतल्या फुटीने; आणि १७५१ मध्ये राज्य कायमचे भोसल्यांच्या मुलखात सामील झाले. तट अभंग राहिला आणि राज्य गेले. तटबंदीचे सामर्थ्य शेवटी आतील माणसांच्या निष्ठेवर अवलंबून असते, या जुन्या राजनीतीच्या सूत्राला याहून स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल.

दुसरे हस्तांतर १८१८ चे. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत आप्पासाहेब भोसल्याच्या फौजेचा मोड झाला. तरीही दुसऱ्या बाजीराव पेशव्याशी त्याचे संधान चालूच राहिले आणि पेशवा चांद्याच्या रोखाने येऊ लागला. नागपूर पडल्यावरही जेथे उभे राहून प्रतिकार करता येईल असे ठाणे म्हणून या दोघांच्या दृष्टीने चांद्याचे महत्त्व होते. मागे घनदाट अरण्य, पलीकडे निजामाचा मुलूख आणि मध्ये बळकट परकोट, ही त्याची कारणे होत. इंग्रजांनी पेशव्याची वाट वरोऱ्याच्या बाजूस अडविली, आणि १७ एप्रिल १८१८ रोजी पांढरकवड्याजवळ शिवणी येथे कर्नल ॲडम्सने त्याच्या फौजेची दाणादाण उडविली. चांद्याला येणारी मदत तेथेच संपली.

त्यानंतर ९ मे रोजी ॲडम्सचे सैन्य चांद्यापुढे आले. किल्लेदार गंगासिंग याने ठाणे खाली करण्यास नकार दिला. वास्तविक त्या वेळी आप्पासाहेब इंग्रजांच्या कैदेत होता. तो १३ मे रोजी निसटला, पण चांद्याकडे आला नाही. पेशवा दूर निघून गेला होता. म्हणजे गंगासिंग आणि त्याची शिबंदी ज्यांच्यासाठी लढत होती, त्यांपैकी कोणीही मदतीस येणार नव्हते. इंग्रजांनी तटाची पाहणी करून आग्नेयेचा कोपरा निवडला. तेथे अठरा पौंडी तोफा लावण्यात आल्या आणि १९ मे रोजी तटाला भगदाड पडले. २० मे रोजी सकाळी हल्ला होऊन ठाणे पडले. शिबंदीची मोठी कत्तल झाली, आणि मृतांत स्वतः किल्लेदारही होता.

१७५१ मध्ये तट न फुटता राज्य गेले. १८१८ मध्ये राज्य आधीच गेलेले असताना तट फुटला. पहिल्या वेळी आत निष्ठा नव्हती, दुसऱ्या वेळी निष्ठा होती पण तिला आधार नव्हता. चांद्याचा इतिहास सांगताना राजवंशांच्या याद्यांपेक्षा या दोन घटनांतील विरोध अधिक मननीय आहे.

५. ठाण्यानंतरचा काळ

१८१८ पासून १८३० पर्यंत चांद्याचा कारभार इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली होता. त्यानंतर मुलूख तिसऱ्या रघूजीकडे गेला. डिसेंबर १८५३ मध्ये तो वारल्यावर १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा ब्रिटिश जिल्हा बनला. अधिकाऱ्यांची वस्ती जटपुरा वेशीबाहेर उत्तरेस वसली. सत्तेचे केंद्र तटाच्या आतून बाहेर गेले, आणि तट ही जुन्या गावाची सीमा तेवढी राहिली.

पण ठाण्याची दहशत लगेच संपली नाही. १८५८ मध्ये मोलमपल्लीचा जमीनदार बाबूराव पुल्लेश्वर सेडमाके आणि अडपल्लीचा जमीनदार व्यंकटराव यांनी दक्षिणेकडील अरण्यात इंग्रजांविरुद्ध उठाव केला. १३ मार्च १८५८ रोजी नांदगाव-घोसरी येथे त्यांची इंग्रजांच्या तुकडीशी गाठ पडली. २९ एप्रिल रोजी प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या छावणीवर हल्ला होऊन गार्टलंड आणि हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले. उठाव करणाऱ्यांनी तारेच्या कामावर घाला घालावा, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. राज्यकर्त्याचे बळ आता दगडी तटात नसून तारेत आहे, हे अरण्यातील या पुढाऱ्यांनी ओळखले होते असे दिसते. पुढे बाबूराव पकडला गेला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्याला चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. २००९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्याच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

गोंड राजांनी आपल्या रक्षणासाठी उभारलेल्या तटाच्या आतच एका गोंड जमीनदाराला परक्या सत्तेने फाशी द्यावे, या घटनेमुळे परकोटाला नवा अर्थ प्राप्त झाला. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील गोंड समाजाच्या दृष्टीने ही भिंत निव्वळ पुरातन वास्तू नाही. तिच्यात राज्याची आठवण आहे आणि राज्य गेल्याचीही आहे. जतनाचा विचार करणाऱ्याला ही दुसरी आठवण वगळता येत नाही.

६. जतनाचे कार्य

तटाचे लष्करी महत्त्व संपल्यावर त्याच्या ऱ्हासाला ज्या कारणांनी सुरुवात झाली, ती बहुतेक जुन्या तटबंद्यांना लागू पडतात. दगडांच्या सांध्यांत वड, पिंपळ आणि उंबर यांचे बी रुजते. मुळे आत शिरून जाड होतात आणि चिरे बाहेर ढकलतात. पावसाचे पाणी माथ्यावरून भिंतीच्या गर्भात उतरते, आतील भर फुगते आणि दर्शनी थर सुटतो. यात वस्तीजवळच्या भागात कचरा आणि मलबा टाकण्याच्या सवयीची भर पडते. परकोट भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. परंतु संरक्षणाचा फलक लावल्याने झाडाचे मूळ थांबत नाही.

१ मार्च २०१७ रोजी चंद्रपुरातील इको-प्रो या संस्थेच्या स्वयंसेवकांनी परकोटाच्या सफाईस आरंभ केला. काम साधेच, पण चिकाटीचे होते : बुरुजांवरील झुडपे काढणे, माती आणि कचरा उपसणे, तटावरून चालण्याची वाट मोकळी करणे. हा उपक्रम दोनशेहून अधिक दिवस अखंड चालला आणि २९ ऑक्टोबर २०१७ रोजी पंतप्रधानांच्या आकाशवाणीवरील भाषणात त्याचा उल्लेख झाला. मोकळ्या झालेल्या तटावरून पुढे नागरिक आणि विद्यार्थी यांच्या इतिहास-फेऱ्या सुरू झाल्या. कित्येक पिढ्या ज्या भिंतीच्या सावलीत राहिल्या, तिच्या माथ्यावरून आपले गाव पाहण्याची संधी बहुतेकांना या वेळी प्रथमच मिळाली.

या कार्याचे मोल मान्य करूनही सफाई आणि दुरुस्ती यांतील भेद स्पष्ट ठेवला पाहिजे. सफाई कोणीही निष्ठावान माणूस करू शकतो; दुरुस्तीला ज्ञान लागते. मूळ रुजलेले झाड नुसते उपटले तर त्याबरोबर चिरेही निघतात. ते आधी छाटून, मूळ मारून, पोकळी भरून घ्यावी लागते. चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा लेप दिल्यास ती वरून घट्ट दिसते, पण ओल बाहेर पडण्याचा मार्ग बंद होतो, क्षार आत साठतात आणि शेवटी सिमेंट जसेच्या तसे राहून शेजारचा दगड झिजतो. म्हणून नव्या सांध्यांसाठी चुन्याचाच वापर करणे हा सौंदर्याचा हट्ट नसून वास्तूच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

७. तीन प्रश्न

चांद्याच्या परकोटाच्या जतनातून तीन प्रश्न उपस्थित होतात.

पहिला प्रश्न पुराव्याचा. तटाच्या आग्नेय कोपऱ्यावर १८१८ मध्ये तोफा चालल्या. तेथील प्रत्येक खंड, प्रत्येक बेढब जोड आणि नंतर घातलेला प्रत्येक चिरा हे त्या दिवसाचे आणि त्यानंतरच्या डागडुजीचे साक्षीदार ठरू शकतात. सगळा तट एकसारखा आणि नवा करून टाकला, तर गोंड राजांचे काम, भोसल्यांची डागडुजी आणि इंग्रजी तोफांचा मारा यांतील फरक कायमचा पुसला जाईल. भग्न भाग हाही पुरावाच होय. यासाठी कोणताही भाग हाताळण्यापूर्वी त्याची मोजणी, रेखाटन आणि छायाचित्रण होणे अगत्याचे आहे. हे काम विद्यापीठांच्या इतिहास विभागांना आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना करता येण्याजोगे आहे.

दुसरा प्रश्न रहिवाशांचा. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० मध्ये झालेल्या सुधारणेनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत ते नियंत्रित आहे. एकट्या मंदिराच्या बाबतीत हे क्षेत्र लहान असते. परंतु नऊ किलोमीटर लांबीच्या तटाच्या दोन्ही अंगांस शंभर शंभर मीटर धरले, तर सुमारे पावणेदोन चौरस किलोमीटर दाट वस्ती या मनाईखाली येते. जुन्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला ही भिंत वारसा म्हणून जाणवण्याआधी अडचण म्हणून जाणवते. वेशींच्या अरुंद तोंडाशी होणारी वाहनांची कोंडी हीही याच प्रश्नाची एक बाजू होय. जतनाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी या अडचणीला अज्ञान म्हणून हिणवू नये; जेथे रहिवासी स्मारकाचे विरोधक बनतात, तेथे कायदा फार काळ पुरा पडत नाही.

तिसरा प्रश्न अर्थाचा. हा तट कोणाचा म्हणून जपावयाचा? गोंड राजांनी तो बांधला, भोसल्यांनी तो राखला, गंगासिंगाच्या शिबंदीने त्यासाठी प्राण दिले, इंग्रजांनी तो फोडला, आणि नंतरच्या पिढ्यांनी त्याच्या आधाराने घरे बांधली. फेरीचा मार्गदर्शक आणि वेशीवरचा माहितीफलक यांपैकी एकाच वारसाची निवड करील, तर इतरांवर अन्याय होईल. परंतु सर्वांची समान नावे घेऊनही भागणार नाही, कारण उभारणीचे श्रम आणि दगडावरची निशाणी गोंडांची आहे. पिढ्यान्पिढ्या झालेल्या बांधकामाच्या इतिहासात त्यांचे स्थान प्रथम आहे, आणि ते तसे लिहिले गेले पाहिजे.

८. उपसंहार

बँडस्टँडचा जीर्णोद्धार वाद्यांचा सूर परत आल्यावर पुरा होतो. परकोटाचे तसे नाही. त्याचे जतन कधीच पुरे होत नाही, दर पावसाळ्यानंतर ते पुन्हा आरंभावे लागते. मात्र त्याला नवे प्रयोजन नाही असेही म्हणता येत नाही. पुराच्या वेळी तो अजून पाणी अडवितो. आणि त्याच्या वेशी, खिडक्या, बुरूज व भग्न भाग मिळून चांद्याच्या इतिहासाचा सर्वांत मोठा आणि सर्वांना खुला असा दस्तऐवज तयार झाला आहे. कागदी दफ्तरे या अरण्यप्रदेशात थोडी आहेत, आणि जी आहेत त्यांतील बरीचशी परक्या अधिकाऱ्यांच्या हातची आहेत. येथील लोकांनी स्वतः मागे ठेवलेला हा पुरावा आहे. तो वाचून होण्याआधी झिजू नये, हे पाहण्याची जबाबदारी पुरातत्त्व खात्याइतकीच इतिहासाच्या अभ्यासकांचीही आहे.